मागच्या सीटवरचं मेणकापड

गाडीची कापडी सीट ओली झाली की पहिल्या पाच मिनिटांत करायचं काम एकच. कोरडं सुती फडकं ठेवायचं आणि दाबायचं. घासायचं नाही. दाबायचं, फडकं बदलायचं, पुन्हा दाबायचं. हे मला तेव्हाही माहीत होतं. त्या मंगळवारी मी ते केलंही. तिथेच थांबले असते तर पुढचं काही झालं नसतं.

मंगळवारी आईचे गुडघे दाखवायला परळच्या हॉस्पिटलात गेलो होतो. परत काळाचौकीला येताना रस्ता खणलेला, सगळी वाहतूक एका बाजूने. आईचा उजवा गुडघा वाकत नाही, म्हणून ती पुढे बसत नाही. मागच्या सीटवर पाय आडवा पसरून बसते. तिने विचारलं, "बाय, अजून किती वेळ?" मी म्हणाले, "आलंच." थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी पुन्हा "आलंच" म्हणाले. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

बिल्डिंगखाली मी दार उघडलं, पण ती उतरेना. मग साडी मागून घट्ट धरत उतरली. सीटवर ताटाएवढा ओला डाग होता. ती काही बोलली नाही, मीही नाही. "तू लिफ्टने वर जा, मी गाडी लावून येते," एवढंच म्हणाले. आमच्या घरात लाज वाटेल अशा गोष्टीवर बोलायचं नसतं, ती पुसून टाकायची असते. मला वाटलं, मी तिची लाज राखतेय.

घाई होती ती रविवारची. रविवारी तिला नायगावला न्यायचं होतं.

नायगावच्या बीडीडी चाळीतली आमची खोली रिकामी करून सोमवारी किल्ली द्यायची होती. आई तिथे लग्न होऊन आली, आम्ही दोघं भावंडं तिथेच वाढलो, आणि माझ्याकडे राहायला येईपर्यंत तिचं सगळं आयुष्य त्याच एका खोलीत गेलं. भाऊ शेवटपर्यंत तिथे होता. त्याने सामान भाड्याच्या घरी हलवलं होतं. आईने एकच गोष्ट मागितली होती. खोलीत शेवटची वंदना घ्यायची आणि मग फरशी स्वतःच्या हाताने धुऊन द्यायची.

भाऊ फोनवर हसला होता. "आई, पाडणारेत गं ती. धुऊन काय करतेस?"

"दात उपटायला गेलास तेव्हा चूळ भरून गेलेलास ना?"

"अगं, पण गुडघे?"

"गुडघ्यांनी धुवायची नाय. खुर्चीत बसून खराट्याने धुवेन. तू बादल्या भरून ठेव. आणि दात काढू नको फोनवर."

वंदनेला ती पांढरी साडी नेसणार. म्हणजे रविवारपर्यंत सीट अशी हवी की पांढऱ्या साडीला काही लागता कामा नये, वास तर मुळीच नको. मी वहीत लिहून काढलं आणि रोज ऑफिसातून आल्यावर एकेक काम उरकायला लागले.

धूळ ओढायचं व्हॅक्यूम मशीन नव्हतं, आणि लागलंही नाही. पायाखालचे मॅट काढून कंपाउंडच्या भिंतीवर आपटले. खालच्या कार्पेटमधली रेती कुंच्याने एका दिशेने ओढून काढली. उलटसुलट झाडलं तर ती आत रुतते. सीटवर आधी पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पिळलेल्या फडक्याने पुसलं, कोरडं झाल्यावर खायचा सोडा भुरभुरला आणि दुसऱ्या दिवशी झाडून टाकला. शुक्रवारी साबणाचं पाणी घुसळून नुसता वरचा फेस घेतला आणि जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने फिरवला. डाग गेला. गाडीत डोकं घालून श्वास घेतला, तर सोड्याचा आणि किंचित व्हिनेगरचा वास. बाकी काही नाही.

पण शनिवारी दुपारी ऊन पडलं. बंद गाडी तापली आणि मी दार उघडलं तेव्हा मला वाटलं, वास आहे. आजही सांगता येत नाही की होता की नव्हता.

आमच्याकडे स्वच्छ म्हणजे पाणी ओतलेलं. एप्रिलमधल्या जयंतीच्या आधी आई सगळी खोली गॅलरीत काढायची, मोरीपासून उंबऱ्यापर्यंत बादल्या ओतायची आणि खराट्याने पाणी लोटत न्यायची. पुसलेली फरशी तिच्या लेखी स्वच्छ नसे. "पुसलं म्हणजे घाण पसरवली," ती म्हणायची. पाच दिवस पुसून माझ्या मनातही तेच आलं. मी दोन बादल्या आणल्या, एक साबणाची, एक साधी, आणि दोन्ही सीटवर ओतल्या.

वॉचमनकाका खुर्चीतून उठून आले. ते मालवणकडचे. "ताई, ती काय फरशी नाय गो! आत फोम आसा, पाणी पिऊन बसतलो."

"पंखा लावते ना, काका."

"पंखो लाव नायतर विमान लाव. पावसाळ्याचे दिवस. चार दिवस सुकाची नाय."

एक्स्टेन्शन बोर्ड लावून टेबलफॅन लावला, चारी दारं उघडी ठेवली, हेअर ड्रायर फिरवला. संध्याकाळी पाऊस आला आणि दारं बंद करावी लागली. रविवारी सकाळी वरून हात फिरवला तर सीट कोरडी. तळवा दाबला तर बोटांच्या मधून पाणी वर आलं. गाडीभर ओल्या गोणपाटाचा वास.

साडेआठला निघायचं होतं. मी घरातून मेणकापड आणलं. मुलगी लहान असताना तिच्याखाली घालायचे ते, हिरवं, कपाटाच्या तळाशी घडी करून ठेवलेलं. ते सीटवर अंथरलं, कडा नीट आत खोचल्या. वर चादर घालायचं मनात आलं होतं, पण चादर ओली होईल म्हणून घातली नाही.

आई खाली आली. पांढरी साडी, निळे काठ, हातातल्या पिशवीत मेणबत्त्या आणि फुलं. मी दार उघडलं. तिने मेणकापडाकडे पाहिलं. मी म्हणाले, "सीट ओली आहे गं, आई. मी काल धुतली."

ते खरं होतं. पण मंगळवारी आम्ही दोघी गप्प राहिलो होतो, आणि त्या गप्प राहण्यानंतरचं हे माझं पहिलं वाक्य होतं. 'धुतली' म्हणजे का धुतली, हे तिला सांगायची गरज नव्हती.

"माझा पाय आज ठणकतोय," ती म्हणाली. "तू जा."

"टॅक्सी करूया. पाच मिनिटांत मिळेल."

"नको. टॅक्सीवाल्याची सीट कशाला."

मग मला कळलं. तरीही मी खाली बसून तिचा हात धरला नाही. मी स्वतः त्या मेणकापडावर बसून दाखवू शकले असते. चूक माझी आहे, मी बादल्या ओतल्या, आत फोम असतो हे विसरले, असं सांगून तिला हसवू शकले असते. माझ्या फजितीवर ती नेहमी हसते. त्याऐवजी मी घड्याळ पाहिलं. तिने पिशवी माझ्या हातात दिली.

"वंदना तुम्ही घ्या. आणि खोली धुवा. तशीच नाय द्यायची."

नायगावला गाडी दुसऱ्या गाडीला आडवी लावावी लागली. जिन्यात शेजारची मावशी भेटली. "आणि आई? अगं, तिच्यासाठी मी खुर्ची ठेवलीय ना माझी!" मी म्हणाले, पाय दुखतोय. खोलीत भावाने सगळं तयार ठेवलं होतं. मोरीत दोन बादल्या काठोकाठ भरलेल्या, शेजारी नवा कोरा खराटा. सामान गेल्यावर खोली इतकी लहान होती की मला दारातच थांबावंसं वाटलं. आम्ही मेणबत्त्या लावल्या, वंदना घेतली. मग मी वही काढली. लाइटच्या मीटरचा फोटो, चार भिंतींचे फोटो, कुलूप, दोन्ही किल्ल्या.

खालून हॉर्न वाजायला लागला. माझ्याच गाडीसाठी.

भाऊ म्हणाला, "ताई, धुवायचीय ना?"

"राहू दे रे. पाडणारच आहेत. केर काढ फक्त."

त्याने केर काढला. दोन्ही बादल्या मोरीत उपड्या केल्या. पाणी फरशीला न लागता सरळ जाळीतून खाली गेलं. बादल्या आणि नवा खराटा त्याने खाली नेले.

घरी आले तर आई साडी बदलून बसली होती. पांढरी साडी घडी घालून मांडीवर.

"धुतलीस?"

"हो."

"मोरीच्या कोपऱ्यातपण? तिथे शेवाळं धरतं."

"हो गं."

तिने मान हलवली आणि साडी कपाटात ठेवायला उठली.

सीट सुकायला पाच दिवस लागले. मधे दोनदा वर्तमानपत्रं दाबून पाणी ओढून घेतलं. आता ती निर्मळ आहे, डाग कुठे होता हे मलाही शोधावं लागतं. कापडी सीटवर पाणी ओतायचं नाही, हे मी ऑफिसात तीन जणींना सांगितलंय. का, ते सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात आईला पुन्हा हॉस्पिटलात न्यायचं होतं. मी दार उघडलं. तिने पिशवीतून स्वतःचा टॉवेल काढला, चौपदरी केला, सीटवर नीट पसरला आणि त्यावर बसली. माझ्याकडे पाहिलं नाही. "नको गं, आई," असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात तिने सीट बेल्टचं टोक माझ्या हातात दिलं, लावायला.

वाटेत भावाच्या भाड्याच्या घरी थांबायचं होतं म्हणून नायगाववरून गेलो. आमच्या चाळीच्या जागी पत्रे ठोकले होते, मागे फक्त क्रेन दिसत होती. आईने काच खाली केली. पत्रे संपेपर्यंत बघत राहिली.

"सगळ्यांनी तश्शाच दिल्या असतील खोल्या," ती म्हणाली. "मी मावशीला फोनवर सांगितलं, माझ्या लेकीने धुऊन दिली. कोपऱ्यासकट. दिलीस ना?"

मी आरशात पाहिलं. टॉवेलवर ती सरळ बसली होती, हात मांडीवर.

"हो," मी म्हणाले.