जपानात खाली बसायचं

तलवाड्याच्या ताराबाईचा मोहनरावांवरचा राग काय आजचा नव्हता, चांगला वीस वर्षं मुरलेला होता. बाईनं शेळ्या राखत राखत तीनशे बायांचा गट उभा केला, गटाच्या जिवावर शेतकरी कंपनीत संचालक झाली. तरी कंपनीचे अध्यक्ष आणि गावचे बडे जमीनदार मोहनराव यांच्या बंगल्यावर बैठक असली की सहा पुरुष सोफ्यावर आणि ताराबाई खाली सतरंजीवर. खाली बस असं कुणी म्हणायचं नाही हो! म्हणायची गरजच काय? बंगल्यावर आली की तिची सासू तिथंच बसायची, तीही तिथंच बसली. एकदा ती हिय्या करून सोफ्याकडं गेली, तर मोहनरावांनी नेमकी त्याच जागेवर आपली पिशवी ठेवली. ते तिच्या डोक्यातून काही जाईना.

आता कंपनीचे सातही संचालक तिथली शेती बघायला जपानला निघाले होते, ज्याच्या त्याच्या खर्चानं. ताराबाईनं त्यापायी बोकडं विकली. तिची इच्छा एकच, घरातही न सांगितलेली. ह्या सहा जणांच्या बरोबरीनं खुर्चीवर बसून जेवायचं, परक्या मुलखात का होईना.

एजंटानं मुक्कामाला दोन जागा सुचवल्या होत्या. एक जुनी जपानी सराई. चटया अंथरलेल्या, बुटक्या टेबलाशी खाली बसून जेवण, झोपायलाही जमिनीवरच गादी. दुसरं नवंकोरं, छोटं, झोकदार हॉटेल. तिथं पलंग, टेबल, खुर्च्या. मोहनरावांना सराईचं भलतंच वेड लागलं होतं. त्यांचा पुतण्या विजयसिंह, तोही संचालकच, म्हणाला, तिथं चारचौघांत उघडं होऊन आंघोळ करावी लागते, मी मरंन पण जाणार न्हाई. झालं, बंगल्यावरच्या बैठकीतच काका-पुतण्यात जुंपली. शेवटी हात वर केले, तर तीन इकडं, तीन तिकडं. उरली ताराबाई.

मोहनराव एकदम खुशीत आले. ही तर जन्मभर खालीच बसलेली, हिचा हात सराईलाच, असा त्यांचा सरळ हिशोब. मग गोडीगोडीनं सांगायला लागले, की तिथं लहानमोठं काही नसतं, मालक काय नि पाहुणा काय, सगळे एकाच चटईवर. आणि हे सगळं सोफ्यावर रेलून, बरं का.

ताराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण तिनं आवाज चढवला नाही.

“मालक, तुमीबी खाली बसनार?”

“अगं, सगळेच बसणार. मी काय आभाळातून पडलोय?”

“मग आज हितं बसा. माज्या शेजारी. लगेच सराईला हात वर करते.”

विजयसिंह फिस्सकन हसला. मोहनरावांनी सतरंजीकडं बघितलं. त्यांचे कान तांबडेलाल झाले. मग पुटपुटले, की लई दिवसांपासून गुडघे दुखतेत.

“जपानात न्हाई दुखनार व्हय?”

ताराबाई उठली, पदर खोचला आणि हात वर केला.

“तुमाला खाली बसाया जपान लागतं, मालक. मला खुर्चीवर बसायाबी जपानच लागतंय. माजा हात हाटेलाला.”

चार-तीन झालं. मोहनरावांनी बैठक संपल्याचं जाहीर केलं, पण तोवर ती चपला घालून फाटकाबाहेर गेली होती.