साखर ओढणारे पाय

पोलीस भरतीत मुलींना आठशे मीटर पळावं लागतं. परभणीच्या मैदानावर मी ते पहिल्यांदा पळाले, तेव्हा अर्ध्या अंतरापर्यंत सगळ्यांच्या पुढे होते. मग मांड्या जड झाल्या, पोटऱ्या आखडल्या, छातीत हवा मावेना. मागे टाकलेल्या मुली एकेक करत माझ्या बाजूने निघून गेल्या. रेषा ओलांडून मी खाली बसले आणि तिथंच ओकले.

सोनपेठला परत जाताना एसटीत मी खिडकीला डोकं लावून रडत होते. शेजारी आई होती. पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "अगं, शाळा सुटल्यापासून तू पळलीस कवा? शिवण शिकल्याबिगर मशीनवर कुणी बसतंय का? आधी शिक, मंग पळ."

आमच्या गावातल्या कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना त्या सकाळी मैदानावर पळवायच्या, कॉलेजात नसलेल्यांनाही. मी त्यांच्याकडे जायचं ठरवलं. बाबांनी एकच अट घातली. "अंधारात एकटी जायचं न्हाई. आईला घेऊन जा."

आईसाठी हे सोपं नव्हतं. ती घरी ब्लाउज शिवायची. सकाळी चूल आटोपली की मशीनवर बसायची ती दिवेलागणीपर्यंत. मशीनला मोटार बसवल्यापासून तर तिचे पायसुद्धा हलत नव्हते. आदल्या वर्षी तिच्या टाचेची जखम बरी होईना म्हणून रक्त तपासलं, तेव्हा साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज चालायला सांगितलं. गोळ्या ती घ्यायची. चालायचं म्हटलं की म्हणायची, "चालायला येळ कुठाय माय?"

पहिले काही दिवस ती मैदानाच्या कडेला दगडावर बसून ब्लाउजांना हुक लावायची. अंधारात दिसायचं नाही, म्हणून मोबाइलची बॅटरी मांडीवर ठेवायची. मॅडमनी हे पाहिलं.

"ताई, पायाला काही लागलंय का?"

"न्हाई वो. साखर हाय मला."

"मग बसताय कशाला? साखर हाय म्हणूनच उठा."

आई ओशाळून हसली. मॅडम तिच्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी तिला समजेल असं सांगितलं. खाल्लेल्या अन्नाची साखर रक्तात येते. ती सगळ्यात जास्त कुठं जात असेल तर स्नायूंमध्ये, त्यातही मांड्या-पोटऱ्यांमध्ये, कारण अंगातले मोठे स्नायू तेच. बसलेल्या माणसाच्या स्नायूला साखर आत घ्यायला इन्सुलिन लागतं, आणि आईच्या अंगात नेमकं तेच नीट काम करत नव्हतं. पण चालता-चालता जो स्नायू आवळतो आणि सुटतो, तो इन्सुलिनची वाट पाहत नाही. रक्तातली साखर आपणच ओढून घेतो.

"म्हंजी गोळीचं काम मांडी करती?" आईने विचारलं.

"थोडंफार करते. चालून आल्यावर पुढेही बराच वेळ करत राहते. पण गोळी सोडायची नाही हं, डॉक्टर सांगेपर्यंत."

आईने हुक, दोरा पिशवीत टाकले, पदर खोचला आणि साडी-चपलांवरच चालायला लागली. एक फेरी मारून आली तेव्हा ती धापा टाकत होती. मला वाटलं, उद्या ही येणारच नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याआधी उठून तिने बाबांचे जुने कॅनव्हासचे बूट पायात घातले होते. पुढे कापडाच्या चिंध्या कोंबून ते तिच्या मापाचे केले होते.

मला मात्र मॅडमचा राग यायला लागला होता. मला वेग हवा होता आणि त्या मला हळू पळवत होत्या. शेजारच्या मुलीशी बोलता येईल इतक्या हळू, आणि खूप वेळ. एकदा मी म्हणालेच, "मॅडम, हळू पळून मी जोरात कशी पळणार?"

"बारावी सायन्सला होतीस ना? माइटोकॉन्ड्रिया कुठं असतात?"

"पेशीत."

"स्नायूच्या पेशीत त्या भरपूर असल्या, तर ऑक्सिजन वापरून साखर आणि चरबी दोन्ही नीट जाळता येतात. तुझ्याकडे त्या कमी आहेत. म्हणून तू सुसाट सुटलीस की स्नायू ऑक्सिजनशिवाय घाईघाईने साठवणीतली साखर फोडतो. ते थोडा वेळ चालतं, मग आत आम्लता वाढते आणि पाय ऐकेनासे होतात. असं हळू आणि लांब पळत राहिलीस, तर माइटोकॉन्ड्रिया वाढतील, स्नायूभोवती बारीक रक्तवाहिन्या वाढतील. मग ज्या वेगाला आज ओकतेस, त्या वेगाला गप्पा मारशील."

मला ते खरं वाटलं नाही, तरी पळत राहिले. दुसरं काही हातात नव्हतं.

मॅडमचं आणखी एक सांगणं आईने मनावर घेतलं होतं. पळताना स्नायूची मोडतोडच होते, तो सुधारतो विश्रांतीत आणि पोटात नीट अन्न गेल्यावर. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मी धुण्याला हात लावला की आई ओरडायची, "ठेव ती बादली. आज मांडीला सुट्टी हाय!" आणि भाजलेल्या शेंगा, उकडलेलं अंडं पुढ्यात आणून ठेवायची. स्वतःला मात्र तिने सुट्टी दिली नाही. गल्लीतल्या बायका हसायच्या. "पोरगी भरतीला चाललीय ते ठीक, तू कोणत्या भरतीला चाललीस गं?" आई म्हणायची, "मी साखरंला पळवायलेय."

उन्हाळा सुरू होता-होता फरक दिसायला लागला. एका सकाळी मी नेहमीच्या वाटेने पळत होते आणि ध्यानात आलं, की मी धापा टाकत नाहीये. पाय चालले होते, श्वास चालला होता, आणि मी घरी जाऊन काय खायचं याचा विचार करत होते. आईची रक्तातली साखरही उतरली होती. टाच भरून आली होती. मैदानाच्या फेऱ्या ती आता माझ्या सोबतच्या मुलींशी बोलत-बोलत घालायची.

आणि मग तो दिवस आला. चौदा एप्रिलची जयंती तोंडावर होती. आमच्या वस्तीत सगळ्या बायकांना पांढरे ब्लाउज हवे होते आणि शिवणारी एकटी आई. आदल्या संध्याकाळी ती नीट जेवली नाही. सकाळी उठून सवयीने गोळी घेतली आणि त्यावर अर्धी भाकरी खायची ती घाईत राहिली. मला हे काहीच माहीत नव्हतं.

मी मैदानाच्या त्या टोकाला होते. वळून पाहिलं तर आई चालता-चालता थांबली होती. मग ती खाली बसली, नव्हे, कोसळलीच. मी जवळ पोचले तेव्हा तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि हात थरथरत होते. ती माझ्याकडे पाहत होती, पण मला ओळखत होती की नाही कळेना.

"ब्लाउज... हुक ऱ्हायलेत," असं काहीतरी ती पुटपुटली.

मॅडम ओरडल्या, "साखर आण! पळ!"

रस्त्यापलीकडे चहाची टपरी नुकतीच उघडली होती. मी सुटले. त्या पळण्यातलं मला काहीच आठवत नाही, पाय, श्वास, काही नाही. टपरीवाल्या मामांच्या हातातला साखरेचा डबाच ओढून घेतला आणि परत फिरले. मॅडमनी बाटलीतल्या पाण्यात साखर विरघळवली आणि आईला बसतं करून घोट-घोट पाजली. थोड्या वेळाने आईची नजर ठिकाणावर आली. तिने मॅडमकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता मला गोड खाऊ घालायलाव व्हय?"

मॅडमना हसू फुटलं. मला हुंदका फुटला.

त्याच दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. गोळी जुन्या बसून राहणाऱ्या आईच्या मापाची होती, आणि आई आता तशी राहिली नव्हती. तिचे स्नायू साखर ओढत होते, वरून गोळी साखर उतरवत होती आणि पोट रिकामं होतं. त्यांनी गोळी कमी केली, उपाशी चालायचं नाही म्हणून बजावलं आणि खिशात कायम खडीसाखर ठेवायला सांगितली. साडीला खिसा नसतो. घरी आल्यावर आईने सगळ्या परकरांना आतून खिसे शिवले.

पुढच्या भरतीत मी आठशे मीटर चांगली पळाले. मैदानी चाचणीत पास झाले, लेखीत थोडक्यात राहिले. यादीत नाव नाही हे कळलं त्या दिवसापासून मी मैदानावर जाणं सोडलं. उठायचं, खायचं, मोबाइल बघत पडायचं. आई गल्लीतल्या दोघी बायकांना घेऊन रोज सकाळी मैदानावर जायची, त्याच ज्या तिला हसायच्या.

पावसाळा उतरल्यावर एकदा तिने माझी चादर ओढली. "चल. पळू नको, नुसती चाल माझ्यासंगं."

मी गेले. रागातच पळायला सुरुवात केली आणि एका फेरीत धाप लागली. मांड्या पुन्हा तशाच जड. इतक्या महिन्यांचं कमावलेलं काही आठवड्यांत गेलं होतं. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि आई माझ्या बाजूने चालत पुढे निघून गेली. पुढे जाऊन वळली. "कमी झालंय, गेलं न्हाई," ती म्हणाली. "मॅडमला इचार."

मॅडमनी तेच सांगितलं. वापरलं नाही की स्नायू आत जमवलेलं आवरून घेतो, पण पुन्हा मागितलं की पुन्हा देतो. यावेळी मी हळू पळण्याबद्दल कुरकुर केली नाही. वर्दी मला पुढेही मिळाली नाही. मी खेळाच्या शिक्षणाला परभणीला आले आणि आता तिथल्याच एका शाळेत मुलींना पळवते.

आईची साखर पूर्ण गेलेली नाही, जाणारही नाही कदाचित. एक छोटी गोळी अजून चालू आहे. मागच्या महिन्यात ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हा मी तिला घ्यायला स्टेशनवर गेले होते. पुलाच्या पायऱ्या चढताना मी तिची पिशवी मागितली, तिने दिली नाही आणि भराभर पुढे चढून गेली. मी वर पोचले तेव्हा ती कठड्याला टेकून उभी होती आणि फोनवर सोनपेठच्या कुण्या बाईला सांगत होती, की बाही घट्ट वाटत असली तर आत जास्तीचं कापड सोडलंय, उसवून सैल करता येईल, आणि आपण सोमवारी परत येतोय.