अप्पांच्या मांडीवरची मी

दादा जाऊन दीड महिना झाला. आमची शेवटची भेट ढोकीला झाली, त्यांच्या पुढच्या खोलीत. समोर लॅपटॉप, शेजारी स्कॅनर, आणि साखर कारखान्यात जन्मभर हजेरी लिहिलेल्या माणसाची शिस्त अशी, की प्रत्येक फोटोला नाव, गाव, साल. "आपल्या घराण्याची साइट काढणार," हे दोन वर्षं ऐकवून ऐकवून त्यांनी सगळ्या पाहुण्यारावळ्यांना पिडलं होतं. माझ्या घरातला अप्पांचा फोटो पुढच्या खेपेला आणते, असं मी म्हणाले, तर एकदम तुटकपणे बोलले, "त्यो ऱ्हाऊ दे. फ्रेमीतनं काढू नको. मी करतो निवांत." निवांत वेळ काही मिळाला नाही... आठ दिवसांनी सकाळी चहा पिता पिताच गेले.

तो फोटो म्हणजे खुर्चीत बसलेले आमचे वडील, अंगात पांढरा सदरा, आणि त्यांच्या मांडीवर झबल्यातली मी. मी वर्षाची व्हायच्या आत अप्पा तापानं गेले, असं मला सांगितलं होतं. दादा माझ्याहून सोळा वर्षांनी मोठे, त्यामुळं वडीलही तेच झाले. शाळेत कुणी बापावरून बोललं आणि मी रडत घरी आले, की ते मला त्या फोटोपुढं उभं करायचे. "आठवत न्हाय तर न्हाय. मांडीवर घेतलंय का न्हाय तुला? ह्ये बघ!" मी बघायचे आणि डोळे पुसायचे. लग्न झाल्यावर मी माहेरून हट्टानं मागून आणलेली वस्तू हीच. एवढ्या एका फोटोवर मी साठी गाठली.

वैनींनी राहिलेलं काम माझ्या गळ्यात घातलं. "तू मास्तरीण, तुला जमतंय." दादांचा लॅपटॉप आणि स्कॅनर घेऊन धाराशिवला घरी आले आणि सगळे फोटो साइटवर लावले. आजोबा होते, बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतरचा पहिला घरगुती फोटो होता, दादांच्या लग्नातला मंडप होता. माझा तेवढा नव्हता. मग दादांचा शब्द मोडला आणि फ्रेमीच्या खिळ्या उपसल्या.

काचेखाली कधी कळलं नव्हतं, बोटाला लगेच कळलं. माझ्याभोवती कड लागत होती. पूर्वी स्टुडिओवाले गेलेल्या माणसाला घरच्यांत आणून बसवायचे, कात्रीनं कापून, खळीनं चिकटवून, जोडावर काळा ब्रश फिरवून. तसंच होतं ते. स्कॅन करून मोठं केल्यावर तर बघवेना. अप्पांच्या तोंडावर उजेड एका बाजूनं, माझ्यावर दुसऱ्या. मी त्यांच्या मांडीवर नव्हतेच. मी कागदावर होते.

दुसऱ्या दिवशी एसटीनं ढोकी गाठली. "वैनी, तुमाला ठावं व्हतं?"

वैनी गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "समद्यांस्नी ठावं व्हतं. तू पोटात असतानाच मामंजी गेले. गावात लोक तुला पांढऱ्या पायाची म्हनायचे, बापाला खाऊन आली म्हनायचे. ढोकीत बिऱ्हाड आणलं तवा ह्यांनी त्यो फोटो करून घेतला अन् आधी भिंतीला लावला. नव्या गावात कुणी बोलू नये म्हनून."

मला कधी हिशेब लागला नाही, कारण माझी जन्मतारीख एक जून. आमच्या वेळच्या मास्तरांनी अर्ध्या शाळेला तीच लावलेली. आई गेली, चुलते गेले, कुणी तोंडातून ब्र काढला नाही. माझ्या लहानपणी खोटं बोललात, दादा, ते समजू शकते. पण मी तिशीची झाले, आजी झाले, शेकडो पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं... तेव्हाही तुम्ही त्या फोटोकडं बघून शांतपणे चहा प्यायलात, दादा! मला फसवलंत. याला दुसरा शब्द मला सापडत नाही. आणि भांडावं म्हटलं तर समोर तुम्ही नाही.

घरी परतले आणि रागारागातच त्यांचा लॅपटॉप उघडला. एका कोपऱ्यात एक फाईल होती, नाव, गाव, साल काही नसलेली. उघडली. हाफ पँटमधला, मिसरूड फुटायला लागलेला एक पोरगा स्टूल टाकून बसलाय. दादा. दोन्ही हात पुढं, काहीतरी जपून धरल्यासारखे. आणि त्या हातांच्या मधे, मांडीवर, कात्रीनं कापून काढलेलं एक भोक. माझ्या मापाचं.

साइटवर मी तोच चढवलाय. खाली नाव लिहिलं, गाव लिहिलं, साल अंदाजे लिहिलं. वैनी म्हणाल्या, भोक कशाला दाखवायचं लोकांना? मी ऐकलं नाही. अप्पांनी मला कधी घेतलं नाही, हे मी सोसलं असतं, दादा. पण ज्यानं घेतलं होतं, त्यालाच तुम्ही माझ्यापासून कापून टाकलंत.