युनूसचाचांचे खिळे

चूक माझीच. फाटकावर लावायचा बिल्ला खिशात तसाच ठेवून मी दुपारी घरी गेलो, वांग्याच्या भाजीवर आडवा हात मारला आणि मग स्वतःही आडवा झालो. चारला पान चघळत घाटंजीच्या आमच्या जिनिंगवर परततो, तर यंत्रं बंद, फाटकाबाहेर बैलबंड्यांची रांग, आणि चाळीस मजूर कापसाची गंजी उपसताहेत.

"काय हरवलं गं?" मी त्यांच्यातल्या लालीबाईला विचारलं.

"तुमीच हरपले ना, बाबूजी! पान तरी पुसा तोंडावरचं!"

मला शोधायला लावलं होतं चौकीदार युनूसचाचांनी. तीस वर्षं ते फौजेच्या दारूगोळ्याच्या तळावर हमाल. महायुद्धात गोऱ्यांनी माळरान घेरून बांधलेला तळ. एकाहत्तरच्या लढाईत तिथून रेल्वेच्या वाघिणीच्या वाघिणी सरहद्दीकडे गेल्या, त्यातले कित्येक गोळे चाचांच्या पाठीवरून. तिथला रिवाज असा, की आत जाताना आगपेटी फाटकावर द्यायची आणि खिळ्यावरचा आपल्या नंबरचा बिल्ला घ्यायचा. बाहेर पडताना तो परत लावायचा. खिळा रिकामा, म्हणजे माणूस आत. पेन्शनीत आल्यावर चाचांनी तसाच खिळ्यांचा फळा आमच्या फाटकावर ठोकला.

"चाचा, इथं बॉम्ब नाहीत, सरकी आहे!" आम्ही हसायचो. त्या साली कापसाचा भाव असा पडला होता, की हसायला दुसरं काही नव्हतंही.

पण कापसाच्या गठाणी बांधायच्या थांबल्या म्हणून मालक भडकले होते. "उद्या फळा तरी उतरंल, नाही तर तू!" म्हणून निघून गेले.

चाचांच्या दाढीत कापूस अडकला होता. मी धडधाकट समोर उभा, तरी त्यांची नजर गंजीवरच. मी शेजारी टेकलो.

"तिथं एक शेड जळलं होतं, बाबूजी," ते म्हणाले. हे त्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं. "बाहेर गिनती झाली. धरमसिंगचा खिळा रिकामा. माह्या जोडीचा हमाल."

"मग?"

"मग काय. अजून सपनात बिल्ले मोजून राह्यलो. एक कमीच भरते."

पान तोंडात कडू झालं. तरी मी म्हणालो, "मालकांना चूक झाली म्हणा, चाचा. नोकरी राहील. आणि खरं सांगा, माणूस जेवायला गेला असेल, एवढं साधं तुमच्या मनात आलं नाही?"

"धरमसिंगच्या वेळी तेच आलतं."