गुरुवारी उपास करणारा तारा

आमच्या घरात एक तलवार आहे. कोणा पूर्वजानं ती दक्षिणेतून ग्वाल्हेरला आणली असं सांगतात; तिनं एकही शत्रू मारल्याचं मात्र कोणी सांगत नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, तिला पाटावर ठेवायचं, गंधफूल वाहायचं आणि परत कपाटावर चढवायचं. वडील कचेरीत होते, त्यांनी तलवारीशेजारी टाइपरायटर ठेवायला सुरुवात केली. मी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक झालो आणि ठरवलं की आपलं शस्त्र प्रयोगशाळेत आहे, तर पूजाही तिथंच करायची. इथपर्यंत ठीक होतं. पुढं जे झालं ते सांगायची मला आता लाज वाटत नाही, कारण अख्ख्या नया बाजारात ते माझ्या बायकोनं आधीच सांगून झालंय.

माझं शस्त्र म्हणजे म्युऑन मोजायचं यंत्र. फार दूरवरून आलेले कण वरच्या हवेवर आदळतात, त्यांतून म्युऑन नावाचे कण जन्मतात आणि आपल्या अंगातून आरपार निघून जातात. तुम्ही हे वाचताय तेव्हाही जातायत. छप्पर, भिंत, सासू, कशाचीही भीड त्यांना नाही. ते मोजायला आमच्याकडे खास प्लास्टिकच्या दोन पाट्या होत्या, एकावर एक ठेवलेल्या. कण गेला की पाटीत इवलासा उजेड चमकतो. दोन्ही पाट्यांत एकदम चमकलं की आकडा एकानं वाढतो. इतका बारीक उजेड टिपायचा म्हणजे बाहेरचा उजेड आत जाताच कामा नये; एकाच पाटीत शिरला तरी ती सारखी चमकत राहते, दुसरीशी उगीच जुळते आणि आकडा फुगतो. म्हणून पाट्या काळ्या कागदात आणि काळ्या टेपमध्ये गुंडाळलेल्या. ते गुंडाळणं मी स्वतःच्या हातानं केलं होतं आणि येईल त्याला दाखवत असे. "मुंगी शिरायची नाही आत," असं म्हणायचो. मुंगी शिरली नाही, हे खरं आहे.

यंत्रावर काम करायला माझी एक विद्यार्थिनी होती. थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरात राहणारी, बारीक अक्षराची, कमी बोलणारी मुलगी. पीएच.डी.चं तिचं पाचवं वर्ष चाललं होतं. दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती, पण एका अटीवर: मार्चअखेर प्रबंध जमा झाला पाहिजे. नाही झाला तर जागा दुसऱ्याला. तिचे वडील त्याच उन्हाळ्यात निवृत्त होणार, क्वार्टर सुटणार, आणि घरात एका स्थळाची बोलणी तोंडावर आलेली. म्हणजे तिचं सगळं त्या मार्चवर टांगलेलं होतं. आणि प्रबंध जमा व्हायचा तर त्यावर मार्गदर्शकाची सही लागते. मार्गदर्शक मी.

तर खंडेनवमी. मी हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचा हार असा सगळा सरंजाम घेऊन प्रयोगशाळेत हजर. ती म्हणाली, "सर, पूजा टेबलाची करूया ना. डिटेक्टरला हात नको, प्लीज."

"अगं, टेबल काय शस्त्र आहे?" मी म्हणालो. "आमच्या घराण्यात शस्त्राला कुंकू लागल्याशिवाय नवमी होत नाही."

वरच्या पाटीच्या पुढच्या कडेला ठसठशीत कुंकवाचं बोट लावलं. हार काही केल्या टिकेना. टेप निसटत होता, दोरा घसरत होता. शेवटी नोटीसबोर्डावरची एक टाचणी काढली आणि बरोब्बर त्या कुंकवावर हार टोचून दिला. काय शोभून दिसत होता! फोटोही काढला. सहा दिवसांनी कोजागिरीला सुकलेला हार काढला, टाचणी परत नोटीसबोर्डाला लावली. मी वस्तू जागच्या जागी ठेवणारा माणूस आहे.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी आकडे चढायला लागले.

रोज साडेतीनच्या सुमारास म्युऑनची गणना वर जायची, अर्धा तास तशीच राहायची आणि मग उतरायची. चार दिवस पाहिलं आणि मी जागेवरून उठलोच. आकाशात एक स्रोत आहे! रोज ठरल्या वेळी आमच्या कॉलेजवरून जातोय! महिन्याभरात लक्षात आलं की चढ हळूहळू लवकर येतोय. मग तर माझा पाय जमिनीवर ठरेना. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

"लवकर येतोय सर," ती म्हणाली, "पर चार मिनट नहीं. एखादं मिनिट. कधी तेवढंही नाही."

"आपलं घड्याळ खराब असेल."

"सर, एकदा काळं कापड टाकून बघूया? पाटीवर? उजेड शिरत असेल तर..."

मी जो भडकलो! "मी गुंडाळलंय ते! मी! तुझ्या जन्माच्या आधीपासून मी पाट्या गुंडाळतोय!" उचलली जीभ लावली टाळ्याला. नंतर आणखी दोनदा तिनं कापडाचं नाव काढलं, दोन्ही वेळा मी हेच वाक्य म्हटलं, आवाज फक्त वाढवत गेलो.

डिसेंबर सरला आणि चढ उशिरा यायला लागला. मागे फिरला! तिनं आलेख समोर ठेवला आणि हळूच म्हणाली, "तारे मागे नाही फिरत ना, सर." मी म्हणालो, स्रोताची स्वतःची गती असेल. जानेवारीत ग्वाल्हेरचा कोहरा पडला. सलग आठ दिवस सूर्याचं तोंड दिसलं नाही आणि त्या आठही दिवसांत चढ साफ गायब. छप्पर फोडून येणारा कण धुक्याला कसा अडला, हा प्रश्न कोणाही शहाण्या माणसाला पडला असता. मला पडला नाही. मी म्हणालो, व्होल्टेज कमी होतं.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे गुरुवार. नोव्हेंबरपासून दर गुरुवारी चढ येतच नव्हता. गुरुवारी माझा दत्ताचा उपास असतो, मी दुपारीच घरी येतो, कारण उपाशीपोटी मला पदार्थविज्ञान सोसत नाही. शुक्रवारी आलेख पाहायचा तर गुरुवारची रेघ सपाट. मी यातही शोध लावला. सात दिवसांचं आवर्तन! या विषयावर वेगळा शोधनिबंध लिहायला घेतला, त्याची चार पानं अजून माझ्याकडे आहेत, कोणाला दाखवणार नाही. घरी सांगितलं तेव्हा बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, तुमचा ताराही दत्तभक्त दिसतोय. त्यालाही साबुदाणा भिजत घालू का?"

मी हसलो नाही. संक्रांतीच्या तिळगूळ समारंभात इथल्या मराठी मंडळाच्या लोकांपुढं मी या ताऱ्यावर चाळीस मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, या किरणांचा गुडघ्यांना काही फायदा होतो का? मी म्हणालो, संशोधन चालू आहे.

तिच्या प्रबंधात मी एक अख्खं प्रकरण घालायला लावलं: 'दुपारचा स्रोत'. मजकूर जवळजवळ मीच सांगितला, तिनं लिहून घेतला. लिहिताना तिनं मान वर केली नाही. मला वाटलं, पोरगी भारावून गेलीय.

फेब्रुवारीच्या शेवटी, एका मंगळवारी, ती प्रबंधाच्या छपाईचं बघायला पडाव भागात गेली होती आणि मी प्रयोगशाळेत एकटाच होतो. म्हटलं, आपला तारा डोळ्यांनी बघू. पावणेचारला आकडे चढू लागले. मी कौतुकानं जवळ गेलो, यंत्रासमोर उभा राहिलो, आणि आकडे पडले. बाजूला सरकलो, चढले. पुन्हा उभा राहिलो, पडले. खोटं कशाला सांगू, एक क्षण मला वाटलं की या स्रोताचा माझ्याशीच काही संबंध आहे. मी उभा राहिलो की विश्व थांबतंय! पाच-सहा वेळा मी असा इकडून तिकडे सरकलो, कोणी दारातून पाहिलं असतं तर सरळ डॉक्टरकडे नेलं असतं.

मग मानेला ऊन लागलं.

मागे वळून पाहिलं. भिंतीत वर पश्चिमेचं रोशनदान, म्हणजे उजेडाचा झरोका. तिथून उन्हाचा पट्टा माझ्या खांद्यावर, आणि मी सरकलो की थेट पाटीच्या पुढच्या कडेवर. चष्मा काढून पाटीला नाक लावलं. काळ्या कागदात एक भोक होतं, टाचणीएवढं. भोकाभोवती कुंकू होतं.

मी स्टुलावर बसलो. रागही आला नाही, हसूही आलं नाही. ताऱ्याचं मला काही वाटलं नाही, तारा गेला खड्ड्यात. मला तिचा मार्च दिसत होता. प्रबंधाचं एक प्रकरण खोटं, चार महिन्यांच्या दुपारच्या मोजणीत उजेड मिसळलेला. ती नव्यानं घ्यायची म्हणजे पुन्हा चार महिने, आणि हातात उरलेला एक. देवाशपथ सांगतो, त्या पोरीचं मी वाटोळं केलं, हे मला त्या मिनिटाला कळलं.

ती परत आली. मी भोकाकडे बोट दाखवलं. तिनं वाकून पाहिलंसुद्धा नाही.

"माहिती आहे, सर."

"कधीपासून?"

"नोव्हेंबर." तिनं गळ्यातला काळा दुपट्टा नुसता हातात धरला. "तुम्ही गुरुवारी घरी जाता ना. तेव्हा मी हा चार पदरी करून टाकत होते. मला वाटलं, ग्राफ बघून तुम्हाला खुद ही समझ में आ जाएगा."

म्हणजे माझा दत्तभक्त तारा! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण मी तर कळशावर शोधनिबंध लिहीत होतो.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलले सर. तीनदा. आणि लिहिलंय."

तिनं प्रयोगशाळेची नोंदवही काढली. आमच्याकडे पद्धत अशी की विद्यार्थ्यानं रोज नोंद करायची आणि मार्गदर्शकानं आठवड्याची सगळी पानं तपासून सही करायची. माझा तो कार्यक्रम शनिवारी चहाबरोबर व्हायचा, एका हातात कप, खांद्यावर फोन. तिनं पान उघडलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'गुरुवार. वरची पाटी कापडाने झाकली. दुपारी वाढ नाही. उजेड शिरतो आहे असे वाटते.' खाली माझी सही. पुढच्या गुरुवारी तेच, खाली सही. त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच. एकाही पानावर माझी सही चुकली नव्हती, लफ्फेदार, खाली दोन ठिपके.

मग तिनं पिशवीतून दुसरा गठ्ठा काढला. पडावहून ती दोन प्रती घेऊन आली होती. एकीत माझा तारा होता. दुसरीत नव्हता, तिथं तिनं फक्त सकाळची मोजणी आणि झाकलेल्या गुरुवारांची मोजणी घेऊन सगळं गणित नव्यानं केलं होतं, कधी केलं कोण जाणे. दोन्ही माझ्यापुढं ठेवल्या आणि हात मागे घेतले.

"यातली तुम्ही म्हणाल ती, सर. बस, सही कर दीजिए."

ती घाबरली होती, आणि कशाला ते मला चांगलं ठाऊक होतं. तिच्याआधीच्या एका विद्यार्थ्यानं माझ्याशी वाद घातला होता, तेव्हा त्याच्या साध्या फॉर्मवर सही करायला मी आठ महिने लावले होते. आणि ते स्टाफरूममध्ये हसत हसत सांगितलंही होतं. ती गोष्ट तिच्यापर्यंत पोचली नसेल असं मी कसं समजलो? पोरीनं माझी चूक चार महिने सांभाळली, कारण माझ्या पेनाची तिला भीती होती. असा मास्तर मी.

मी दुसरी प्रत पुढं ओढली. पेन काढलं, टोपण उघडलं आणि परत लावलं.

"बैस," मी म्हणालो. "वाचतो आधी."

पहिल्या पानापासून वाचलं. मधे कोणी चहा आणला, तो तसाच राहिला. काय सुरेख लिहिलं होतं! एक शब्द जास्त नाही, एक आकडा उगीच नाही. चौथ्या प्रकरणात उजेडाची सगळी हकीकत होती, सूर्य, धुकं, दुपट्टा, सगळं क्रमानं. तिथं लिहिलं होतं: 'काही कारणाने आवरणाला छिद्र पडले होते.'

"काही कारणाने?" मी विचारलं.

"राहू द्या ना, सर."

"लिही. मार्गदर्शकाने टाचणी टोचल्यामुळे."

तिनं लिहिलं. मी शेवटचं पान उलटून सही केली, तेव्हा रोशनदानातलं ऊन केव्हाच गेलं होतं आणि ती स्टुलावर बसून रडत होती. मी म्हणालो, "अगं, झालं ना आता, सही झाली, मार्च यायचाय अजून."

ती डोळे पुसत म्हणाली, "त्यासाठी नाही, सर. पाच वर्षांत तुम्ही माझं लिहिलेलं पहिल्यांदा वाचलंत."