मशीन बरोबर होतं

हॉस्पिटलात तिला सगळे तारावाली म्हणत. डोक्याला तारा चिकटवून मेंदूच्या लहरी उतरवून घ्यायच्या, हे तिचं सव्वीस वर्षांचं काम. तळमजल्याच्या टोकाची खोली, एक कलती खुर्ची, एक मशीन, मेजावर मोजपट्टी, लाल पेन्सिल आणि पांढऱ्या चिकट पेस्टचा डबा. माणूस आला की आधी त्याचं डोकं मोजायचं, लाल खुणा करायच्या, एकवीस तारा लावायच्या, मग वीस मिनिटं "डोळे मिटा", "उघडा", "झोपू नका हं" चालायचं. एखादा पेशंट घाबरत विचारी, "बाई, यात मनातलं दिसतं का हो?" ती म्हणे, "दिसत असतं तर मी इथे नोकरी करत बसले असते का?" तोंडाने फटकळ आणि हाताने मऊ, अशी बाई.

नवरा किल्लीवाला. हॉस्पिटलपासून चार गल्ल्या सोडून चौकात त्याची टपरी. पुढे किल्ल्या कापायचं यंत्र, मागे एक फळी आणि त्या फळीवर एकशे त्रेसष्ट खिळे. प्रत्येक खिळ्यावर एकेका घराची जादा किल्ली. आसपासचे लोक विश्वासाने ठेवून जात; कुणी स्वतःच्याच दाराबाहेर अडकलं की सरळ टपरी गाठायचं. गंमत म्हणजे एकाही किल्लीला चिठ्ठी नाही की नंबर नाही. "नाव लावलं म्हणजे चोराला पत्ताच दिला की," तो म्हणायचा. कुठली किल्ली कुणाची ते फक्त त्याच्या डोक्यात. पहिल्या खिळ्यावर त्यांच्या स्वतःच्या घराची, कारण तारावाली वर्षातून चारदा तरी किल्ली विसरायची. "जगाची डोकी तपासते आणि स्वतःचं घरी ठेवून येते," हा त्याचा ठरलेला टोमणा.

दरवर्षी मशीनची तपासणी होई. मशीनवाला पेटी घेऊन यायचा, पेटीतून सेकंदाला मोजून दहा लहरी सोडायचा, पडद्यावर दहा उमटल्या की सही करून मोकळा. पण हिचा त्या पेटीवर काडीचा विश्वास नव्हता. तो गेला की ती नवऱ्याला बोलावून खुर्चीत बसवायची. जागा माणूस डोळे मिटून स्वस्थ बसला की डोक्याच्या मागच्या बाजूला एक लय दिसते. किल्लीवाल्याची लय सेकंदाला दहा. ना कमी ना जास्त. अठरा वर्षं दहा! ती सगळी रेकॉर्डं तिने एका वेगळ्या फाईलमध्ये जपून ठेवली होती. तारा निघाल्या की तो विचारायचा, "पास की नापास?"

"मशीन पास."

"आणि मी?"

"तुमचं कोण विचारतंय? तुम्ही आपलं माप."

मग घरी गेल्यावर ती कोमट पाण्याने त्याच्या केसांतली पेस्ट धुवायची आणि तो बेसिनवर मान वाकवून शीळ घालत उभा राहायचा. दोघांचा हा वर्षाचा सण म्हणा ना.

एकोणिसाव्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर, लय आली आठ. मध्येमध्ये आणखी संथ, जाडजूड लहरी.

"झोपलात तुम्ही," ती म्हणाली.

"नाही गं, चांगला जागा आहे."

तिने त्याला तोंडावर पाणी मारायला लावलं, पुन्हा डोळे मिटायला सांगितलं. पुन्हा आठ. आता ऐका. हीच बाई, दुसऱ्या कुणाचं असं रेकॉर्ड दिसलं असतं तर धावत मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली असती, "यांच्या मेंदूचा फोटोही काढून घ्या बरं" असं वर तिनेच सुचवलं असतं. सव्वीस वर्षांत किती जणांचा आजार तिच्या नजरेने आधी धरला होता! आणि आपल्या माणसाच्या वेळी तिने काय केलं? मशीन बिघडलंय म्हणून तक्रार लिहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, दुसरा नाही.

मशीनवाला आला, तारा बदलून गेला. तिने नवऱ्याला पुन्हा बसवलं. आठ. पुन्हा तक्रार, पुन्हा मशीनवाला, पुन्हा भांडण. इतर पेशंटच्या लहरी त्याच मशीनवर नीट येत होत्या, हे काय तिला दिसत नव्हतं? दिसत होतं. पण अठरा वर्षं ज्या डोक्याने मशीन तपासलं, ते डोकं चुकेल, हे तिच्या मनाला शिवतच नव्हतं.

इकडे टपरीवर किल्ल्या परत यायला लागल्या. गिऱ्हाईक म्हणे, "लागत नाही हो." किल्लीवाल्याने यंत्राची चकती बदलली, महिन्याभराने दुसरी आणली. "हल्ली चकत्याच भिकार निघतात," तो जेवताना म्हणायचा. ती म्हणायची, "मशीनं कुठे राहिलीत पूर्वीसारखी!" दोघं मिळून आपापल्या मशीनला शिव्या घालायचे. मग तो तीच चकतीची गोष्ट पहिल्यापासून सांगायचा आणि ती म्हणायची, "अहो, आत्ताच तर सांगितलंत." नाचता येईना अंगण वाकडं, असं पेशंटच्या नातेवाइकांना ऐकवणारी बाई ही.

आठ महिन्यांनी मशीनवाला तिसऱ्यांदा आला. पेटीतून दहा लहरी सोडल्या, पडद्यावर दहा आल्या.

"पेटीचं मला सांगू नका," ती म्हणाली. "माणसाच्या डोक्यावर दाखवा."

तो म्हातारा गृहस्थ होता. त्याने टोपी काढली आणि खुर्चीत बसला. "लावा मला." तिने लावलं. त्याने डोळे मिटले. दहा. स्वच्छ दहा.

डोळे न उघडताच त्याने विचारलं, "बाई, ज्यांचं आठ येतं ते कोण तुमचे?"

तिने तारा काढल्या आणि त्याच्या कपाळावरची पेस्ट पुसू लागली. पेस्ट निघून गेली तरी ती पुसतच राहिली, शेवटी त्यानेच तिचा हात धरून बाजूला केला.

मग जे आठ महिन्यांपूर्वी व्हायला हवं होतं ते झालं. डॉक्टरीणबाईंनी किल्लीवाल्याला प्रश्न विचारले, शब्द लक्षात ठेवायला लावले, मेंदूचा फोटो काढला. आठवणी साठवणारा भाग दोन्ही बाजूंनी वयाच्या मानाने आकसलेला. "हा पुरता आजार नाही, उंबरठा आहे," त्या म्हणाल्या. "काही जण वर्षानुवर्षं इथेच राहतात, काही पुढे जातात. कोण जाईल, ते लहरी आणि फोटो दोन्ही पाहूनही छातीठोक सांगता येत नाही." मग त्यांनी ती जुनी फाईल उलटून पाहिली. "पहिला फरक कधी दिसला तुम्हाला?"

खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "आठ महिन्यांपूर्वी." डॉक्टरीणबाईंनी मान खाली घालून ते लिहून घेतलं.

नवऱ्याला मात्र तिने स्वतः सांगितलं, टपरीवर जाऊन. त्याने सगळं ऐकलं, यंत्र बंद केलं.

"म्हणजे चकती चांगली होती."

"हो."

"आणि तुला आठ महिने माहीत होतं."

"माहीत नव्हतं हो. मला वाटलं, मशीनच..."

"त्या मशीनवाल्याशी आठ महिने भांडलीस," तो म्हणाला. "माझ्याशी एकदा भांडायचं होतंस."

इतक्या वर्षांच्या संसारात त्याने इतकं कठोर कधी बोलून दाखवलं नव्हतं. तो फळीकडे वळला. तिने घाईघाईने कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, दोरा घेतला. पहिल्या खिळ्याला चिठ्ठी कशाला, म्हणून आपली किल्ली सोडून दिली आणि दुसऱ्यापासून सुरुवात केली. तो किल्लीच्या दातांवरून अंगठा फिरवायचा आणि नाव सांगायचा. शिंपी. निवृत्त मास्तर. वरच्या मजल्यावरच्या जुळ्या बहिणी. एक्क्याण्णव नावं त्याने धडाधड सांगितली. मग अंगठा अडखळला. एक किल्ली उचलायची, परत ठेवायची, दुसरी उचलायची.

"उन्हाळ्यात ही येत होती मला," तो म्हणाला. "हीसुद्धा. तेव्हा सांगितलं असतंस तर एका दुपारात सगळी लिहून काढली असती गं."

भर चौकात, टपरीच्या स्टुलावर बसून ती ओक्साबोक्शी रडली. त्यानेच तिला खांद्याला हलवून म्हटलं, "पूस डोळे. गिऱ्हाईक आलंय."

उरलेल्या एकाहत्तर किल्ल्यांसाठी त्यांनी टपरीवर 'आपापली किल्ली ओळखून न्यावी' असा कागद चिकटवला. लोक आले, किल्ल्या नेऊन दाराला लावून पाहू लागले. बहुतेकांनी सांभाळून घेतलं. एक बाई मात्र सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्या घराची किल्ली आता कुणाकुणाच्या हातातून फिरणार? मी कुलूपच बदलते." ज्या माणसाच्या हातून आजवर एक किल्ली इकडची तिकडे झाली नव्हती, तो मान खाली घालून उभा राहिला. तारावालीला वाटलं, त्या बाईचं तोंड बंद करावं. पण बाई खोटं थोडंच बोलत होती? आणि तो दोष त्याचा नव्हताच मुळी.

तो पुढे जाणाऱ्यांतला निघाला. दोन वर्षांत यंत्र विकावं लागलं, मग टपरी सोडायचा दिवस आला. फळी रिकामी झाली होती, फक्त पहिल्या खिळ्यावर एक किल्ली. तारावालीने ती काढून त्याच्या हातात दिली. का दिली, कुणास ठाऊक. एवढी तरी येईल, असं तिला मनापासून वाटत होतं.

"ही कुणाची हो?"

त्याने दातांवरून अंगठा फिरवला आणि त्याचा चेहरा खुलला. "ही? बेकरीवाल्याची. म्हणजे काय, मीच कापलीय."

"नक्की?"

"विचारतेस काय? लिही."

मशीनशी भांडणारी ती बाई या वेळी कुणाशीच भांडली नाही. तिने चिठ्ठी घेतली, वळणदार अक्षरात 'बेकरीवाला' लिहिलं आणि ती दोऱ्याने किल्लीला बांधली. तो समाधानाने पाहत राहिला.

मग त्याचा हात धरून ती त्याला घरी घेऊन आली. दारात पर्स चाचपली. तिची किल्ली नेहमीप्रमाणे घरातच राहिली होती. तेव्हा तिने तीच किल्ली काढली आणि कुलपात घातली. त्याने घाबरून तिचं मनगट धरलं.

"अगं, लोकांचं घर आहे. विचारलंस का त्यांना?"

ती म्हणाली, "विचारलंय. या म्हणालेत."

किल्ली सहज फिरली. तो पाय पुसून आत आला, इकडेतिकडे पाहिलं आणि दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसला, परक्या घरी बसतात तसा.