गुरुवारच्या बहिणी

“लाइन थांबली नाही पाहिजे,” असं म्हणत ती कपाळावरचा घाम मनगटाच्या मागच्या बाजूने पुसायची. कामाला बोटं कोरडी लागतात म्हणून कंपनीत लागलेली सवय, ती घरीही सुटली नव्हती. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडणाऱ्या मुलींची ती लाइन लीडर होती. राहायला मोशीत, आमच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये, एकटी. लग्न का नाही केलं, असं कुणी विचारलं की म्हणायची, “शिफ्ट जुळली नाही, काका.”

अशी एक तरी बाई तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल. पाणी आलं नाही की टँकरवाल्याला पहिला फोन हिचाच, आणि त्याला झापणारीही हीच.

छातीत गाठ आहे आणि ती वाईट निघाली आहे, हे तिने आम्हाला जिन्यातच सांगितलं, दुधाची पिशवी हातात धरून. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. “काकू, रडायचं मागनं बघू,” ती म्हणाली. “आधी हे तापवू द्या, नासंल.”

भाऊ लातूरकडे गावी असायचा, म्हाताऱ्या आईजवळ. त्याला कळवलंस का, असं मी विचारलं.

“कळवलं की तो येणार, माझे कपडे भरणार आणि मला घेऊन जाणार. मग मी जन्मभर त्याच्या ओसरीवरची पेशंट. मला इथं बरं व्हायचंय, काका. माझ्या घरात.”

पण हॉस्पिटलात दर केमोला सोबत माणूस लागायचं. कंपनीत लाइनवरच्या मुलीला जरा बाहेर जायचं असलं तरी जागेवर रिलीव्हर उभी करावी लागते. त्या नेमणुका करण्यात हिची हयात गेली होती. तिने तीच पद्धत इकडे लावली. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून केमो गुरुवारी, आणि दर वेळी सोबतीला लाइनवरची वेगळी मुलगी. नातं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, बहीण.

“किती बहिणी हो तुम्हाला?” नर्सने शेवटी विचारलंच.

“वडलांना मुलगा हवा होता,” ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली.

सोसायटीने मऊ खिचडीचा मारा सुरू केला होता. ती वैतागली आणि तिने बायकोकडून हट्टाने ठेचा मागून घेतला. तोंड आतून सोलवटलेलं, पहिल्याच घासाला बिचारी थयथय नाचली. दुसऱ्या दिवशी निमूटपणे खिचडीचा डबा घ्यायला खाली आली.

सगळेच दिवस असे हसण्यावारी जात नव्हते. एका दुपारी वर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मी धावलो. दार कसंबसं उघडून ती पुन्हा भिंतीला टेकून खालीच बसली. डोक्यावरचा स्कार्फ सुटला होता. मी फोन काढला तसा तिने माझा हात धरला. “भावाला नको, काका. भीती वाटती मला, लय वाटती. पण नको.” मी फोन खिशात ठेवला. पाणी दिलं आणि शेजारी बसून राहिलो.

ऑपरेशनच्या वेळी मात्र डॉक्टरांनी सख्खं माणूस मागितलं आणि तिचा नाइलाज झाला. भाऊ आला. उंच, अबोल गडी. हातात एक मोठी रिकामी बॅग. ती बॅग पाहून तिने तोंड फिरवलं.

ऑपरेशनही गुरुवारीच होतं, आणि त्या आठवड्यात कंपनीने गुरुवारची सुट्टी आधी बदलली, मग पुन्हा होती तशी केली. त्या घोळात नेमलेल्या मुली आल्या आणि त्यांच्या जागी नेमलेल्याही आल्या. ऑपरेशन झाल्यावर नर्सने बाहेर येऊन विचारलं, “पेशंटची बहीण कोण?” आणि बाकड्यावरच्या झाडून सगळ्या पोरी उठल्या. भाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “आमी तर दोघंच भावंडं हाव, काका.”

पुढे ती बरी होऊन लाइनवर परतली, आणि काही वर्षांनी कंपनीच्या दुसऱ्या प्लांटला निघून गेली. वरच्या फ्लॅटमध्ये आता दुसरं बिऱ्हाड आहे. पण तिची आठवण निघाली की मला भाऊ परत निघाला तो दिवस आठवतो. आठवडाभर तो तिच्याकडे राहिला होता. सकाळी पहिल्या शिफ्टला जाणारी कुणी डोकावून जायची, दुपारी सुटलेली कुणी पोळ्या लाटायची, संध्याकाळी आमची ही वर जायची. बहिणीला साधा चहा करून द्यायचा, तर त्याचा नंबर लागत नव्हता.

मी त्याला स्कूटरवरून लातूरच्या गाडीला सोडायला गेलो. “नेणार होतात ना?” मी विचारलं.

“न्यायलाच आल्तो,” तो म्हणाला. हातातली बॅग दुमडू लागला. “पर गावाकडं माय आन मी. तिथं निऊन एकटी पाडू का तिला?”

गाडी आली. रिकाम्या बॅगेची घडी काखेत मारून तो आत चढला.